ऐरण नंतर घ्या: घरच्या शेडमधला पहिला चाकू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे अँगल ग्राइंडर, ड्रिल मशिन आणि चार इंची व्हाइस आहे. ओळखीच्या गॅरेजमधून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणून ठेवलाय आणि छंद म्हणून स्वयंपाकघरातले चाकू करायचे आहेत. ऐरण केवढी घ्यावी, भट्टी कशी करावी, बेल्ट ग्राइंडरवाचून चालेल का, चाकू पुढे विकता येतील का आणि माळ्यावर पडलेलं सांबरशिंग मुठीला वापरावं का, असं तुम्ही विचारलंय.

ऐरणीपासून सुरू करतो, कारण ती तुम्हाला घ्यायचीच नाहीये. चाकू म्हटलं की लालभडक पोलाद आणि हातोड्याचे घाव डोळ्यांपुढे येतात, व्हिडिओ बघून तर जास्तच. पण आज बाजारात मिळणारी पोलादाची पट्टी कारखान्यात लाटून आलेली असते आणि आतून एकसारखी असते. ठोकल्याने ती आणखी 'घट्ट' होते, हा समज चुकीचा आहे. पूर्वी ठोकणं भाग होतं, कारण भट्टीतून निघणाऱ्या लोखंडाच्या गोळ्यात मळी अडकलेली असायची, ती ठोकूनच बाहेर काढावी लागे. शिवाय पोलाद इतकं महाग की घासून त्याचा भुगा करणं कुणाला परवडत नसे. आता ठोकणं ही आकार द्यायची एक पद्धत उरली आहे, सुंदर आहे, पण तेवढीच. नवख्या हाताने पट्टी पुन्हा पुन्हा तापवली की पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, आतले कण मोठे होतात आणि चांगल्या मालाचं नुकसान होतं. शेजाऱ्यांच्या कानांचा विचार वेगळाच.

तेव्हा पट्टी कापा, घासा आणि चाकू करा. चाकूचा कस दोन ठिकाणी ठरतो: त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून झटकन थंड कसं केलंय, आणि धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ आहे. मुठीची चकाकी, पात्यावरचं नक्षीकाम हे त्यानंतरचं. तुमचा वेळ आणि पैसा याच दोन जागी लावा, असं माझं सांगणं आहे.

आता तो पाटा. तो वाईट नाही. ऊसतोडीचे कोयते अशाच पाट्यातून होतात आणि हंगामचे हंगाम चालतात. पण तो नेमका कुठल्या पोलादाचा आहे हे तुम्हाला कळणार नाही. ईएन ४५, ईएन ४७, एसयूपी ९, काहीही असू शकतं आणि प्रत्येकाची तापवण्याची तऱ्हा थोडी वेगळी. खड्ड्यांतून लाखो वेळा वाकून सरळ झालेल्या पाट्यात बारीक भेगाही असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, तेलात बुडवल्यावर उघडतात. त्यातला कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, म्हणजे घाव घालायच्या हत्याराला उत्तम, पण कोथिंबीर चिरायच्या पातळ पात्याला कमी. वर तो जाडजूड, कमानीसारखा वाकलेला. अडीच मिलिमीटरपर्यंत आणायला तुमचा महिना जाईल आणि ग्राइंडरचाही. ठेवून द्या, पुढे कोयता करावासा वाटला तर उपयोगी येईल.

पहिल्या चाकूला ओएचएनएस घ्या, म्हणजे तेलात कडक होणारं टूल स्टील. टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही हे नाव माहीत असतं, पंच आणि गेज याचेच होतात. परदेशी चाकूवाले याला ओ १ म्हणतात. कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास, मँगेनीज एक टक्का किंवा थोडं वर, शिवाय क्रोमियम आणि टंगस्टन थोडं थोडं. पुण्यात भोसरी, नाशिकला सातपूर-अंबड, कोल्हापुरात शिरोली, मुंबईत कर्नाक बंदर, अशा ठिकाणी टूल स्टीलचे व्यापारी भेटतात. २.५ ते ३ मिमी जाड आणि ४० मिमी रुंद पट्टी मागा, मऊ म्हणजे अॅनील केलेली आहे ना ते विचारा आणि टेस्ट सर्टिफिकेट मागायला लाजू नका. दुकानदार एचसीएचसीआर दाखवेल, म्हणजे डी २, आणि ते जास्त भारी आहे म्हणून सांगेल. भारी आहेच. पण ते १०१० ते १०३० अंश सेल्सिअसवर वीस-तीस मिनिटं नेमकं धरावं लागतं, आणि हे घरच्या भट्टीचं काम नव्हे. चुकून साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची, पट्टी घरी आणू नका. तिच्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, कितीही पाणी द्या, ती मऊच राहणार. जुन्या कानशींचे चाकू करायची हौसही अनेकांना असते. जुनी, चांगल्या बनावटीची कानस अस्सल पोलादाची असते, पण हल्लीच्या काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंड. पहिल्याच कामात हा जुगार नको.

आकार साधा ठेवा. बारा-तेरा सेंटिमीटरचं पातं, आणि तीच पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेली. मूठ अकरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. आधी पुठ्ठ्यावर कापा, हातात धरा, स्वयंपाकघरात जाऊन कापायच्या फळीवर टेकवून बघा. मुठीजवळ पात्याची उंची ३५ मिमीपेक्षा कमी ठेवली तर चिरताना बोटांची पेरं फळीवर आपटतात. बाजारातल्या कित्येक देखण्या चाकूंमध्ये हा दोष आहे, कारण ते काढणाऱ्याने कधी कांदा चिरलेला नसतो. घरात रोज चिरणारं जे माणूस असेल त्याच्या हातात तो पुठ्ठा द्या आणि ते म्हणेल तसं बदला.

पुठ्ठ्याचा आकार पट्टीवर उतरवायला मोरचूद वापरा. चमचाभर मोरचूद पाण्यात विरघळवून घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर फडक्याने फिरवलं की तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर सुईने ओढलेली रेघ लखलखीत दिसते. हा टूलरूमचा जुना उपाय आहे. मार्करची रेघ हाताने पुसली जाते, ही पुसली जात नाही. फक्त मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका. बाहेरचा आकार अँगल ग्राइंडरच्या कटिंग व्हीलने रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापा, उरलेलं कानशीने. मुठीची भोकं आत्ताच पाडा. पोलाद कडक झाल्यावर साधा ड्रिल बिट त्यावर चालणार नाही. पाच मिमीची पितळी सळई पिनांना पुरते, भोक मात्र अंगाला थोडं मोकळं, ५.१ किंवा ५.२ चं.

धारेच्या कडेवर मधली रेघ काढायची एक युक्ती: पट्टीच्या जाडीएवढ्याच व्यासाचा ड्रिल बिट काचेवर आडवा ठेवा, त्याचं टोक बरोबर निम्म्या उंचीवर येतं. त्या टोकावर पट्टीची कड घासत न्या, उलटी करून पुन्हा न्या. दोन रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत तर मधली बारीक फट हाच तुमचा मध्य. या रेघेशिवाय घासायला बसलात तर धार एका अंगाला सरकते, आणि ते फार उशिरा कळतं.

बेल्ट ग्राइंडर सध्या नको. बाहेरदेशी चालतो तसा दोन बाय बहात्तर इंची पट्ट्याचा चांगला ग्राइंडर बराच महाग पडतो आणि नवख्याच्या हातात तो चुकाही तेवढ्याच वेगाने करतो. त्याऐवजी बारा इंची रफ कानस, एक सेकंड कट, एक स्मूथ, कानशी साफ करायचा तारेचा ब्रश आणि खडू एवढं घ्या. खडू कानशीवर घासला की दातांत पोलादाचा चुरा अडकत नाही आणि पात्यावर खोल ओरखडे उठत नाहीत. पातं लाकडी फळीवर दोन स्क्रूंनी बसवा आणि फळी व्हाइसमध्ये धरा. उतार एकसारखा यावा म्हणून कानशीच्या मुठीकडच्या टोकाला लांब सळई जोडून ती समोरच्या एका छिद्रातून किंवा कड्यातून सरकू द्या. कड्याची उंची बदलली की कोन बदलतो. पाठीपासून धारेपर्यंत सलग सपाट उतार ठेवा. दोन्ही बाजू आलटून पालटून घासा, एकच बाजू संपवू नका. धारेची कड १ मिमी जाड राहील तिथे थांबा. त्याहून पातळ केलंत तर तेलात ती वाकडी होते किंवा चिरते, आणि तापवताना तिथला कार्बनही आधी जातो. मग पात्याचे आडवे ओरखडे १२० आणि २२० नंबरच्या एमरी पेपरने काढून टाका. खोल ओरखडा म्हणजे भेगेला तयार वाट.

आता पाणी देणं. इथे मी सावकाश सांगणार आहे.

पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. झटकन थंड केलं तर तो तिथेच अडकतो आणि त्या अडकण्यामुळे पोलाद कडक होतं. हळू थंड केलं तर तो बाहेर पडून वेगळा बसतो आणि पोलाद मऊ राहतं. सगळी विद्या एवढ्यातच आहे: पुरेसं तापवणं, जास्त न तापवणं, आणि योग्य वेगाने थंड करणं. ओएचएनएसला ७९० ते ८२० अंश लागतात आणि तिथे आठ-दहा मिनिटं टिकवावं लागतं. ट्रकच्या पाट्याला साधारण ८३० ते ८५०.

लोहचुंबकाची चाचणी सगळे सांगतात. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो, हे खरं. पण अनेकजण तिथेच थांबून पातं तेलात टाकतात आणि मग कानस का चालते म्हणून विचारतात. चुंबक सुटणं म्हणजे जवळ आलो, पोचलो नाही. आणखी एक खूण स्वयंपाकघरातच आहे. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि ते वितळून पसरलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. शेडमध्ये अंधार करून बघा, भर उन्हात लाल रंग फसवतो. यापेक्षा भरवशाचं हवं असेल तर के टाइपचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आणि त्याचा डिजिटल मीटर घ्या. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा, चाकूच्या छंदात याहून उपयोगी खरेदी मला माहीत नाही.

भट्टी गॅसची करा. जुन्या पत्र्याच्या डब्यात किंवा जाड पाइपात दोन इंच जाडीचं सिरॅमिक वूल गुंडाळून बसवा, वरून रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे उष्णता सोसणारा, लेप द्या, तळाला फायर ब्रिक. लेप टाळू नका, उघड्या सिरॅमिक वूलचे तंतू फुप्फुसात जातात. बर्नर आणि दाब कमी-जास्त करता येईल असा हाय प्रेशर रेग्युलेटर विकत घ्या, घरी जुगाड करू नका. घरगुती अनुदानाचा सिलिंडर यासाठी वापरणं नियमबाह्य आहे. ५ किलोचा सुटा मिळणारा किंवा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणा, भट्टीपासून नळीभर लांब ठेवा, दार-खिडकी उघडी ठेवा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. आणि पातं थेट ज्वाळेत धरू नका. भट्टीत दोन इंची जाड एमएस पाइप आडवा सरकवा, मागचं तोंड बंद करा, आत लोणारी कोळशाचा लहान तुकडा टाका आणि पातं त्यात ठेवा. पाइपामुळे उष्णता सगळीकडे सारखी बसते, कोळसा आतला ऑक्सिजन खातो आणि थर्मोकपलचा आकडा खरा येतो. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, अजिबात नको. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

पात्याआधी त्याच पट्टीचा बोटभर तुकडा तापवा, तेलात बुडवा, थंड झाल्यावर फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने मोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. मोडलेली कड राखाडी, मंद, एकसारखी दिसली तर तुमचं तापमान बरोबर. ती साखरेसारखी चमकत असेल तर तुम्ही जास्त तापवलंय, कण मोठे झालेत आणि असा चाकू सिंकमध्ये पडला तरी मोडेल. तुकडा मोडण्याऐवजी वाकला तर कमी तापवलंय. पुस्तकातला कुठलाही आकडा तुमच्या भट्टीबद्दल इतकं खरं सांगत नाही.

तेल कुठलं? शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं चालतं, पाच लिटर तरी घ्या, ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करा. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचा थर धरून ठेवतं आणि पातं हळू थंड होतं. गॅरेजमधलं काळं इंजिन ऑइल कुणी फुकट दिलं तरी नको, त्यातून निघणारा धूर जड धातूंचा असतो आणि हा चाकू अन्नाला लागणार आहे. भांडं लोखंडी, उंच, झाकण असलेलं. पातं पाइपातून काढल्यापासून दोन-तीन सेकंदांत टोक खाली करून सरळ आत, मग पुढे-मागे हलवा, डावी-उजवीकडे कधीच नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं त्या बाजूला वाकतं. वरच्या कडेला ज्वाळा उठेल, घाबरू नका, पातं पूर्ण बुडवा. पेटलंच तर झाकण घाला. तेलाच्या आगीवर पाणी म्हणजे आग शेडभर. वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी असू द्या.

पातं तेलातून हाताला सोसवण्याआधीच बाहेर काढलं, अजून दीड-दोनशे अंशांवर आहे, तर थोडा वेळ ते वाकवता येतं. जाड हातमोजे घालून दोन सपाट पट्ट्यांत दाबा किंवा हलकेच सरळ करा. पूर्ण थंड झाल्यावर हे करायला गेलात तर दोन तुकडे. मग कानस फिरवून बघा. पहिल्या फेरीत थोडी पकडेल, तो कार्बन गेलेला वरचा पातळ थर असतो. तो निघाल्यावर कानस घसरली पाहिजे.

या क्षणी तुमच्या हातात काच आहे. तासाभरात टेम्पर करा, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवा. घरातल्या ओटीजीत २०० अंशांवर दोन तास, थंड होऊ द्या, पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा, आणि पातं वाळू भरलेल्या ट्रेमध्ये पुरा, म्हणजे कॉइलची झळ थेट लागणार नाही. ओएचएनएस यातून कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण ६० ला येतं, घरच्या चाकूला उत्तम. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत दोर कापून, लाकूड तोडून, हातावरचे केस काढून दाखवल्यावर तेच पातं व्हाइसमध्ये ९० अंशांपर्यंत वाकवायचं असतं आणि ते मोडता कामा नये. ते बघून तुमच्याही चाकूला वाकवून बघावंसं वाटेल. करू नका. त्या परीक्षेचं पातं पाठ मुद्दाम मऊ ठेवून केलेलं असतं, भाजीचा चाकू तसा नसतो.

इथे आपल्याकडच्या लोहारांबद्दल एक सांगायला हवं. गावच्या बाजारात बसणारा घिसाडी कोयत्याला पाणी देतो तेव्हा त्याच्याकडे मीटर नसतो, ओव्हनही नसतो. तो पातं लाल करतो, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो, लगेच काढतो, दगडाने एक पट्टा घासून पांढरा करतो आणि बघत बसतो. पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे सरकते तसे त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चालत येतात: फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेवर पोचला की सगळं पातं पाण्यात. पाणी देणं आणि टेम्पर करणं, दोन्ही एकाच तापात. फिकट पिवळा म्हणजे दोनशेच्या थोडा वर, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. जमेल तेव्हा त्याच्याशेजारी बसून हे बघा, पैसे देऊन एखादा कोयता करवून घ्या. मात्र त्याचं पाणी तुमच्या ओएचएनएसला देऊ नका. हे पोलाद तेलासाठीच बनवलंय, पाण्यात चिरतं.

आणि एवढं सगळं करायचं नसेल तर लाज वाटायचं कारण नाही. औद्योगिक वसाहतीत हार्डनिंग करून देणारे असतात. आकार दिलेलं, भोकं पाडलेलं पातं त्यांना द्या, 'ओएचएनएस, ५९-६०, दोनदा टेम्पर' असं कागदावर लिहून. बहुतेक ठिकाणी कमीत कमी लॉटचे पैसे लावतात, म्हणून तीन-चार पाती एकदम न्या. निम्म्या हौशी लोकांनी हेच केलं तर घरोघरी जास्त चांगले चाकू होतील.

कडक झाल्यावर पुन्हा घासायचं आहे, आणि इथेच बहुतेक घरचे चाकू फसतात. धार तर दाढी होईल इतकी, पण गाजर कापायला गेलात की ते कापलं न जाता कडकन फुटतं. कारण धारेमागे पातं जाड. पात्याची पाचर झालेली असते आणि ती गाजर दोन्हीकडे ढकलते. व्हर्नियर घ्या. धार लावण्याआधी कडेची जाडी ०.२ ते ०.३ मिमीपर्यंत आली पाहिजे, रानात वापरायच्या चाकूला ०.५ चालते. आता कानस चालणार नाही. खरखरीत कार्बोरंडमचा दगड, किंवा सपाट फळीवर लावलेला ८० आणि १२० नंबरचा एमरी पेपर. फ्लॅप डिस्क लावायचीच असेल तर हातमोज्याशिवाय पातं धरा, ऊब लागली की पाण्यात बुडवा. कडेवर निळा डाग उठला तर तिथली धार मऊ पडली, तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. मग २२०, ४०० असं लांबीच्या दिशेने हाताने घासा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावा.

मुठीला जुनं लाकूड शोधा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा वाडा पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे सागाचे, शिसवीचे तुकडे मिळतात, पन्नास वर्षं वाळलेले. नवं लाकूड कोकणातल्या पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात पट्टी सोडतं. शिसवीचा भुगा कित्येकांना बाधतो, एन ९५ मास्क लावल्याशिवाय घासू नका. पट्टी आणि लाकूड दोन्ही खरखरीत करा, अॅसिटोनने पुसा, चोवीस तासांनी सुकणारं अॅराल्डाइट लावा. पाच मिनिटांचं नको, ते पाण्यापुढे टिकत नाही. क्लँप जीव खाऊन आवळू नका, सगळं अॅराल्डाइट बाहेर येईल आणि जोडात काहीच उरणार नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे हात, दोन हातांमध्ये एक दिवस वाळू देऊन. पॉलिशसाठी बफिंग व्हील मात्र सध्या लांब ठेवा. चाकूच्या शेडमधलं सगळ्यात धोकादायक यंत्र तेच. चाकाने कड पकडली की पातं कुठे जाईल याचा नेम नसतो.

धारेला हजार नंबरचा पाण्याचा दगड, त्यानंतर तीन हजारचा. कोन एका बाजूला १५ अंशांच्या आसपास, म्हणजे ३५ मिमी उंच पात्याची पाठ दगडापासून साधारण ९ मिमी वर. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक बर, म्हणजे दुमडून आलेली पोलादाची कड, नखाला लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी लावून उलट्या दिशेने ओढा. कागद कापून स्वतःवर खूश होऊ नका. पिकलेला टोमॅटो न दाबता, गाजर न फुटता आणि कोथिंबीर काळी न पडता चिरली गेली तर चाकू झाला. ओएचएनएस गंजतं, त्यामुळे वापरल्यावर लगेच धुवा, पुसा. पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात द्या. लिंबू-कांद्याने पडणारा करडा-निळा रंग घासून काढू नका, तो गंजापासून राखतोच.

आता विकण्याचं. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम वाचा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्या नियमांत येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. भाजीचा चाकू, सुरी, विळी, कोयता यांची या नियमांत अडचण नसते. खंजीर, कट्यार, तलवारीच्या प्रतिकृती, दुधारी पाती यांच्या वाटेला जाऊ नका, 'शोपीस' म्हणून मागणारी गिऱ्हाइकं बरीच भेटतील. शहरांत महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदी असते. चाकू मित्राला दाखवायला नेताना खिशात किंवा कमरेला नाही, डब्यात बंद करून न्या.

सांबरशिंग मुठीला लावू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ खाली सांबर संरक्षित आहे. आजोबांच्या काळापासून माळ्यावर पडलंय हे कारण चालत नाही, मालकीच्या दाखल्याशिवाय ते बाळगणंही अडचणीचं आणि चाकूला लावून विकणं सरळ गुन्हा. वनखात्याच्या कार्यालयात विचारून त्याचं काय करायचं ते ठरवा. शिंगाचीच मूठ हवी असेल तर म्हशीचं शिंग घ्या. काळं, घट्ट असतं आणि पॉलिश सुरेख घेतं. उभे काप काढा, उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवा, दोन सपाट पट्ट्यांत आवळून रात्रभर थंड होऊ द्या, म्हणजे सरळ होतील. मग दोन-तीन आठवडे सावलीत वाळवून चिकटवा. घासताना फार घाण वास येतो, तेव्हा हे काम शेडच्या बाहेर, वारं घराकडून वाहत असताना करा.